काहिलोबाच्या पोटात

— न्हाई न्हाई, मिस्तरी, मागच्या अंगाला दोरी काऊन बांधून राह्यले तुम्ही? समोर बांधा, बाजूला बांधा, पायाजवळ खड्डा हाना, पण पाठीमागं भिंत न्हाई पायजे. बिलकुल न्हाई. आन् पोटावरून टेप जरा हळू फिरवा, गुदगुल्या व्हतेत त्याला — बघा, मी गंमत केली आन् तुम्ही हात जोडले. हीच तर मपली अडचण हाय! या, इथं सावलीत बसा. तीर्थपुरीहून एवढ्या उन्हात फटफटीवर आले, थापी, ओळंबा, घमेली समदं बांधून — पाणी प्या आधी. रांजणातलं हाय, गार हाय. कुनी पाठवलं तुम्हाला? त्रिंबकरावांनी. वाटलंच मला. बांधा, मंदिर बांधायचं तर बांधा बापा, पण ज्याचं बांधायचं त्याची वळख तरी करून घ्या. तुम्ही देव समजून टेप लावून राह्यले ना? हा देव न्हाई मिस्तरी. हा मपला भाऊ हाय.

आसं बघू नका, ऊन लागलं न्हाई मला. ज्या त्रिंबकरावांनी तुम्हाला पाठवलं ना, त्येच हे. मी सुग्रीव, त्यांचा धाकटा. पाठचा. आन् ह्यो बनवला मी, ह्या दोन हातांनी, दोन वर्षांमागं, भंगारातून — चिडून बनवला, खोटं कशाला बोलू. आता नीट बघा. हे पोट म्हंजे आमच्या गुऱ्हाळाची, रस आटवायची काहील. ऊस बंद झाला, गुऱ्हाळ बंद झालं, काहील पडून व्हती, पाऊस पडला का बेडकं डुंबायचे तिच्यात. ती उभी केली, मागून दोन लाकडं टेकवली, झालं दादाचं पोट. डोकं दुधाचा क्यान. टोपी जर्मनचं पातेलं. डोळे ट्रॅक्टरचे लाइट, त्यातला एक जळका, कारण दादा तुमच्याकडं बघतो एकाच डोळ्यानं, दुसरा सदा मपल्यावर. नाकाला तोटी — बारा महिने सर्दी त्याला. मिशी दोन विळे. कान? कान दोन झारे, बुंदी पाडायचे. का झारे? आवो, ऐकायला समदं येतं त्याला, पण खाली गळून जातं! पाय शिलाई मशीनचे. आन् ह्यो वर केलेला हात, हातपंपाचा दांडा, त्याला बोट म्हणून पाना लावला. लोकं म्हणतेत, देव आशीर्वाद देऊन राह्यला. कशाचा आशीर्वाद? "सुग्र्या, तुला सांगून ठेवतो" — ते बोट हाय ते! जलमभर मी ते बोट बघत आलो. तोंडात सायलेन्सर खुपसलाय फटफटीचा, गोदावरीकडून वारं सुटलं का त्यातून हूंऽऽ आसा आवाज निघतो. लोकं म्हणतेत देव बोलला. आमचा दादा बी एवढंच बोलतो. सोयरिक जमवा, हूं. बैल मेला, हूं. समदा संसार त्यानं एका हूं वर काढला.

तर मपलं हे पयल्यापासूनचं वेड. शेती हाय, दोन म्हशी हायेत, पण हात रिकामा राह्यला का चालला भंगाराकडं. तुम्हाला फुटका स्टो दिसतो, मला कोंबडी दिसती. तुम्हाला लुनाचं हँडल दिसतं, मला खिल्लारी बैल दिसतो, आन् तो बी मारका! मी काय करू त्याला? आन् मपली एक रीत हाय — मी वेल्डिंग करीत न्हाई. कापीत न्हाई, ठोकीत न्हाई. निस्ती तार आन् नटबोल्ट. काऊन? तर वस्तूचा काय भरवसा, तिला आज मोर व्हावं वाटलं, उद्या पुन्हा पंप व्हावं वाटंल. गावातले बराबर यायचे — सुग्रीवभाऊ, मोराच्या मानंतला तेवढा बोल्ट द्या, मोटार अडलीया. घेऊन जा! हप्ताभर मोर मान टाकून बसायचा. एकदा तर बैलाचा मागचा पाय पिठाच्या गिरणीत कामाला गेल्ता चार महिने. रस्त्याच्या कडंनं मांडून ठेवलं व्हतं समदं, शहागडकडून येणारे ट्रकवाले गाडी थांबवून हसायचे. पंजाबचा एक ड्रायव्हर आल्ता, त्याला मराठी येत न्हाई, मला पंजाबी येत न्हाई, पण त्या कोंबडीकडं बघून आम्ही दोघं गळ्यात गळे घालून हसलो. सगळ्यात भारी व्हती मपली ग्रामसभा. अकरा फवारणीचे पंप, जुने, गळके, ओळीनं उभे केले, समद्यांचे हात वर, तोंडं उघडी आन् कान एकाला बी न्हाई. सरपंच सोता येऊन फोटो काढून गेला, बाराव्या पंपाच्या जागी उभा राहून.

त्या ग्रामसभेनंच घात केला. म्हंजे झालं आसं — दादाची पोरगी, प्रिया, तिला बघायला अंबडकडचे पाहुणे आल्ते. मोठं घर, दोन गाड्या भरून माणसं. दादा आठ दिवसांपासून ओसरी सारवून घेत व्हता, मला म्हणला, तेवढं तुझं भंगार झाकून ठेव, ताडपत्री टाक. मी टाकली. बराबर टाकली. आता वाऱ्यानं उडाली, त्याला मी काय करू? पाहुणे उतरले, पोराचा बाप पुढं, आन् त्याची नजर गेली ग्रामसभेवर. सातव्या नंबरच्या पंपाला मी कम्प्युटरचा कीबोर्ड बसवला व्हता दातांच्या जागी, शहागडात दुकान बंद झालं तिथून आणलेला, आन् डोक्याला काळ्या पालिशचा ब्रश. पोराच्या बापाचे दात बी समोर आलेले, केसं बी कलप लावून काळेभोर. त्यो पंपाकडं बघून राह्यला, पंप त्याच्याकडं बघून राह्यला. आन् मंग पडद्यामागून हसायचा आवाज — प्रिया! चहाचा ट्रे हातात, कपबशा वाजून राह्यल्या, आन् पोरीला हसू आवरंना. पाहुणे पोहे न खाता उठले. योगायोग हो! निस्ता योगायोग. मला काय माहीत पोराचा बाप कसा दिसतो... बरं, फोटो आल्ता मोबाइलवर. वैनीनं दाखवला व्हता. पण मी दात मोजून बसवले न्हाईत, एवढं खरं.

दादा ओरडला न्हाई. हूं म्हणला. मला वाटलं मिटलं. आठ दिवसांनी मी आन् रेणुका, मपली बायको, तिच्या मावशीकडं जाफराबादला गेल्तो लग्नाला, तिसऱ्या दिशी एस्टीनं परत आलो, उतरलो — जागा मोकळी. मोर न्हाई, बैल न्हाई, ग्रामसभा न्हाई. मातीत निस्ते गोल गोल डाग. दादानं भंगारवाल्याचा ट्रक बोलावून समदं भरून दिल्तं. मी तसाच गेलो जालन्याला. तुम्हाला माहीतच हाय, आपल्याकडचं लोखंड कुठं बी गंजू द्या, शेवटाला जातं जालन्याच्या भट्टीत. गेटवर उभा राह्यलो. वॉचमन म्हणला, काका, काय हरवलं? म्हणलं, ग्रामसभा. त्यो म्हणला, ते वितळलं आता, सळई व्हऊन यील बाहेर, घर बांधताना घेऊन जा. आन् दोन महिन्यांनी दादानं वरचा मजला काढला, सळई जालन्याहूनच आली! आता कुनी सांगावं? मला वाटतं मपला मोर त्या स्लॅबात हाय. काऊन म्हणशाल तर पावसात त्यो स्लॅब एकाच कोपऱ्यात गळतो, आन् मपला मोर बी एकाच पायावर उभा राहायचा. आसं आसतं मिस्तरी. तुम्ही स्लॅब वतता, तुम्ही इचारलं का कवा सळईला, बाई तू पयले कोण व्हती?

तवापासून बोलणं बंद. सहा वर्षं! ह्यो बांध, त्या बाजूला त्याचं घर, ह्या बाजूला मपलं. बोलायचंच पडलं तर म्हशीला सांगायचं. तो तिकडून म्हणायचा, "म्हशे, सांग कुनाला तरी, मोटार बंद केलीया." मी इकडून म्हणायचो, "म्हशे, ऐकलं म्हणून सांग." म्हैस बिचारी दोघांकडं बघायची. ती म्हैस मेली तवा दोघांची पंचाईत झाली, पाण्याच्या पाळीचं बोलावं कुनाशी? दुसरी म्हैस आणली मी, पण तिला सवय न्हाई, ती मधीच उठून जाती. चार वर्षं काढली आशी. आन् मंग एक दिवस मी ह्यो बनवला, बराबर त्याच्या ओसरीकडं तोंड करून. म्हणलं, बघ! रोज सकाळी दात घासताना सोताला बघ. गाव महिनाभर हसलं. चहाच्या टपरीवर माणसं उलथीपालथी झाली. सरपंच म्हणला, सुग्रीवभाऊ, आसा तर त्रिंबकराव बी त्रिंबकरावासारखा दिसत न्हाई. समद्यांनी वळखलं — एका माणसानं वळखलं न्हाई. दादानं! यायचा, उभा राहायचा, मान वाकडी करून बघायचा, हूं म्हणायचा, जायचा. काय म्हणावं? माणसाला गावाचं पाप-पुण्य पाठ आसतं, आन् सोताचं नाक ठाऊक नसतं.

मंग केशरबाईची शेळी हरवली. केशरबाई म्हंजे ती पल्याडची, लिंबाखालची म्हातारी. दोन दिवस बोंबलत हिंडली. तिसऱ्या दिशी शेळी घावली ह्या काहिलीच्या सावलीला, दोन करडं घालून निवांत बसलेली. झालं! म्हातारीनं घरून शेंदूर कालवून आणला आन् लावला दादाच्या पोटाला. मी पळत आलो, म्हणलं, मावशे, काय केलं हे! ती म्हणली, पाया पड मुर्दाडा. मिस्तरी, तुम्ही ह्याच मुलखातले, तुम्हाला काय सांगू — एकदा शेंदूर लागला का वस्तू आपली राहत न्हाई. दुसऱ्या दिशी लिंबू. तिसऱ्या दिशी हिरवं पातळ. चौथ्या दिशी नाव पडलं, काहिलोबा. म्या माणसं धरून धरून सांगितलं, आरं ह्यो त्रिंबकदादा हाय, तुम्हीच हसले ना! तर त्यो सरपंच, उलथापालथा झालेला सरपंच, मला म्हणतो, "सुग्रीवभाऊ, तवाची गोष्ट निराळी, तवा शेंदूर नव्हता." आता ट्रकवाले थांबतेत, पण हसत न्हाईत. चपला काढतेत. बोल्ट मागायला बी कुनी येत न्हाई, देवाचा बोल्ट मोटारीला कसा लावावा?

आन् मंग एका मंगळवारी... न्हाई, ऱ्हाऊ द्या. तुम्ही तुमचं काम करा. ते फुटकं घमेलं द्या इकडं, निस्तं पडलं हाय, मपले हात रिकामे हायेत, बोलताना हातात काही तरी पायजे मला. ऐकायचं व्हय? कुनाला बोलायचं न्हाई मंग. मंगळवार व्हता, दुपारचं टळटळीत ऊन, आजच्यावानी. झाऱ्याची तार ढिली झाली व्हती, उजव्या कानाची, म्हणून मी पक्कड घेऊन ह्या काहिलीच्या मागं शिरलो व्हतो. मागून पोकळ हाय ना, माणूस बसतो आरामात, हे बघा, आसा. तेवढ्यात समोर चपला काढायचा आवाज. पत्र्याला गंजून पडलेल्या भोकातून बघतो तर दादा! हातात नारळ, उदबत्ती. मी श्वास धरला. दादानं इकडं तिकडं बघितलं, टोपी काढली, आन् वाकून डोकं ठेवलं पायावर. मिस्तरी, सोताच्याच पायावर सोताचं डोकं! आसं जगात कुनाला जमलं का? मला हसू यावं का रडू, कळंना. आन् मंग बोलला. दादा बोलला! हूं न्हाई, पुरं वाक्य. म्हणला, "देवा काहिलोबा, माझ्या धाकट्याला अक्कल दे." बस. पुढं काय कबूल केलं ते मनात म्हणला, ओठ हालले निस्ते. मी आतून पक्कड चावली.

मला राग आला? आला! लय आला. म्हणलं, पुढच्या मंगळवारी आतून बोलतोच ह्याला — "त्रिंबक्या, अक्कल तुलाच न्हाई, ती मी कुनाला देऊ?" तयारी करून बसलो. सायलेन्सरला तोंड लावून बसलो. त्यो आला, आन् गुडघ्याचं बोलाया लागला. गुडघा दुखतो म्हणला. जिना चढवत न्हाई, वरचा मजला बांधला पण वर जाता येत न्हाई. गोपिकावैनी बिनमिठाचं खायला घालती, डॉक्टरनं सांगितलंय म्हणती. प्रियाचं लग्न झालं नंतर, पोरगी चांगल्या घरी पडली, पण फोन केला तर निस्तं आईशी बोलती. कुनाला बोलावं देवा, म्हणला. मी सायलेन्सरवरचं तोंड बाजूला घेतलं. त्याच्या पुढच्या मंगळवारी पुन्हा. आता मी सकाळीच उरकून घेतो, जेवून येतो, गोणपाट टाकलंय आत, तांब्याभर पाणी ठेवतो. रेणुका इचारती, मंगळवारी दुपारी कुठं आसता? मी म्हणतो, दादाच्या पोटात. तिला वाटतं चेष्टा करतो. किती मंगळवार झाले? दीड वर्ष धरा. एक बी चुकला न्हाई, त्याचा बी न्हाई, मपला बी न्हाई. ताप आल्ता तवा बी आलो.

आन् एका मंगळवारी तो बोलता बोलता थांबला. म्हणला, "देवा, खरं सांगू का? त्या पोराच्या बापाचे दात हुबेहूब तसे व्हते. मला बी हसू आल्तं. मी दाबलं." आन् आसं म्हणला आन् हसाया लागला, मिस्तरी! आमचा दादा! पोटाला हात लावून, डोळे पुसून पुसून, सहा वर्षांचं दाबलेलं हसला. मला आत बसून राहवंना. मी बी हसलो, तोंडात उपरणं कोंबून हसलो, तर काहील हादरली, झारे वाजले, सायलेन्सरमधून हूंहूंहूं आवाज. दादा दचकला. मंग म्हणला, "देव बी हसला," आन् पुन्हा हसाया लागला. तो बाहेर, मी आत, मधी अर्ध्या बोटाचा पत्रा. त्या दिवशी मी घरी गेलो आन् जेवलो न्हाई. मला दादाची आठवण येती मिस्तरी. समोर राहतो, रोज दिसतो, तरी येती. आता म्हणून टाकलं, तुम्ही परगावचे म्हणून म्हणून टाकलं.

जाऊन बोलावं? मला काय कळत न्हाई व्हय ते? पण बोलू काय? "दादा, तो देव न्हाई, तू हायेस" आसं सांगू? गावात तोंड दाखवंल का तो? दीड वर्ष सोताची पूजा केली, सोताला नारळ फोडला, सोताच्या पोटाला शेंदूर लावला! आन् न सांगता निस्तं गोड बोलाया गेलो तर काय म्हणंल? काहिलोबानं अक्कल दिली. म्हंजे कुनी दिली? त्यानंच दिली! बापा, जित्या भावानं बी मलाच शाणं करायचं आन् लोखंडाच्या भावानं बी मलाच? तर म्हणलं, हाय ते बरं हाय. त्यानं बोलावं, मी ऐकावं. जित्या माणसाच्या झाऱ्यात काही टिकत न्हाई, हे पत्र्याचं पोट बराबर ऐकतं.

काय? नवं काऊन बनवीत न्हाई म्हणता? आवो भीती वाटती! त्यानंतर एक स्टोची कोंबडी केली, तर सकाळी तिच्यापुढं हळदीकुंकू. बेडूक केला, सायकलच्या सीटचा, डोळे वटारलेला, पोट धरून हसावं आसा — तर बाया आल्या पाऊस मागाया. आन् पाऊस आला तिसऱ्या दिशी! जून महिना व्हता, यायचाच व्हता, पण ऐकतो कोण? हात लावंल त्याचा देव व्हतो. एवढे देव करून ठेवावेत का एका माणसानं? म्हणून दिवाळीपासून पक्कडीला हात लावला न्हाई. आंगात बटनाचा शर्ट घालतो, वावरात जातो, घरी येतो, गप बसतो.

हां, तर भिंतीचं सांगत व्हतो. भिंत न्हाई पायजे, कारण — काय म्हणले तुम्ही? पुन्हा म्हणा. नवस? ह्यो नवस हाय? म्हंजे दादा त्या दिवशी मनात म्हणला ते हे? चार खांब, वर स्लॅब, तिन्ही बाजूंनी भिंत आन् समोर जाळीचा दरवाजा? पण नवस तर फिटला तर देतेत ना मिस्तरी. अक्कल कुठं आली मला? — काय म्हणला तो, नीट सांगा, त्याच्या शब्दात सांगा. "दिवाळीपासून धाकट्यानं भंगाराला हात लावला न्हाई. शर्टाची बटनं लावतो. देव पावला." आसं म्हणला? डोळ्यात पाणी आणून म्हणला? ... आरं देवा. आन् मंदिर झाल्यावर? दर मंगळवारचं यणं? बंद. नवस फिटला, दर्शन दिवाळी-दसऱ्याला. गुडघ्यानं व्हत न्हाई म्हणला. हां. बराबर हाय. बराबर हाय त्याचं.

न्हाई पण! आसं कसं? ती दोरी सोडा आधी. सोडा म्हणतो! भिंत घातली तर मी बसू कुठं? आन् मी बसलो तरी ऐकू कुनाला, त्यो येणारच न्हाई तर? मिस्तरी, मला अक्कल आली न्हाई. बिलकुल आली न्हाई. निस्ता हात आखडला व्हता, त्याला अक्कल म्हणतेत का? पुरावा? पुरावा कशाचा देऊ — थांबा. हे काय? हे मपल्या हातात काय झालं? बोलता बोलता... तुमचं घमेलं आन् ही तार, आन् हा थापीचा मोडका दांडा, आन् तुमचा ओळंबा नाकाच्या जागी — आरं तिच्या, हे तर तुम्ही! हुबेहूब तुम्हीच हो, तसंच कपाळ, तसाच खालचा व्हट. मी ठरवलं न्हाई, शप्पथ, हातानंच केलं. बघा, तुम्हीच बघा, हाय का अक्कल ह्या माणसाला? — आवो, हात काऊन जोडून राह्यले? ते घमेलं हाय! तुमचंच घमेलं हाय, काल-परवा त्यात सिमेंट कालवलं आसंल तुम्ही! खिशातून काय काढून राह्यले? बुक्का? ठेवा ठेवा, ठेवा तो आत, तुम्हाला आईची आण हाय, लावू नका त्याला काही. तसंच घेऊन जा. दादाला दाखवा. म्हणावं, धाकट्यानं केलं, आज केलं, आत्ता केलं. नवस फिटला न्हाई म्हणावं. अजून मागावं लागंल, लय दिवस मागावं लागंल—

थांबा. चपलांचा आवाज हाय. उजवा पाय ओढतो, बघा, एक टप एक खर्र, त्योच. मंगळवार ना आज, वेळ झाली की! सरका, मला आत जाऊ द्या. तो गोणपाटाचा कोपरा आत ढकला, दिसतोय. आन् ऐका — मी भेटलो म्हणून सांगायचं न्हाई. निस्तं घमेलं पुढं करायचं आन् म्हणायचं, धाकटा व्हता तसाच हाय, काम व्हणार न्हाई. एवढं सांगा आन् जल्दी निघा, मिस्तरी. आम्हा दोघा भावांना बोलायचंय.